दोन हातांची कडी

सकाळी सहा वाजता शर्वरी खटावकर स्वयंपाकघरात आली तेव्हा फ्रीज उघडा होता आणि चक्का संपलेला होता.

दूध सांडले नव्हते. अंडी फुटली नव्हती. चक्क्याचे फडके फ्रीजसमोर फरशीवर पसरलेले होते, धोब्याकडून आल्यासारखे स्वच्छ. आदल्या संध्याकाळीच तिने फ्रीजच्या दाराला नवा पट्टा बसवला होता. रांगती मुले असलेल्या घरांत लावतात तसला. आधी बटण दाबायचे आणि दाबून धरूनच पट्टा बाजूला सरकवायचा. तो तुटला नव्हता, कुरतडलेला नव्हता. रीतसर उघडून लोंबत होता.

बाहेरच्या खोलीत तिचा मोठा भाऊ श्रीरंग पलंगावर उताणा पडून छताकडे बघत होता. पलंगाच्या एका बाजूला मुकादम झोपला होता, दुसऱ्या बाजूला चिमणी. दोघांचीही वजने पन्नास किलोच्या पुढे. चिमणी हे नाव ती ओंजळीत मावत असताना ठेवले होते. पुढे ते बदलायचे राहून गेले. दोघांचे डोळे मिटलेले होते. जरा जास्तच घट्ट. चिमणीच्या नाकावर पांढरा ठिपका होता.

"दादा, तू ऐकलंस ना?"

"ऐकलं. आधी टिक, मग सर्र, मग बराच वेळ चप-चप. मला वाटलं तूच आहेस."

"मी चप-चप करते?"

"लहानपणी करायचीस."

"हसू नकोस. शनिवारी डॉक्टर येणार आहेत."

श्रीरंगचे हसू विरले. मुकादमने एक डोळा किलकिला केला, वातावरण पाहिले आणि पुन्हा मिटला.

मिरजेच्या कृष्णाघाट रस्त्यावरच्या त्या बैठ्या घरात ही दोन कुत्री हौसेने आणलेली नव्हती. श्रीरंग वीजमंडळात लाइनमन होता. सात वर्षांपूर्वी तो खांबावरून पडला. मानेखाली आता त्याचे उजवे मनगट आणि दोन बोटे, एवढेच त्याच्या हुकमात उरले होते. शर्वरी द्राक्षांच्या शीतगृहात पाळ्यांमध्ये कामाला जाई. ती नसताना पाण्याची नळी श्रीरंगच्या तोंडाशी आणून देणे, पांघरूण ओढणे, दिवा लावणे, फोन छातीवर ठेवणे, दाराशी आलेल्या माणसाला आत घेणे ही सगळी कामे मुकादम आणि चिमणी करत. कोणी शिकवले म्हणून नव्हे. पाहिले म्हणून.

ती कोवळी कुत्री होती. हा शब्द पुण्याच्या एका संशोधन केंद्रातून निघाला आणि आता सगळीकडे रूढ झाला होता. कुत्र्याच्या पिलाच्या आयुष्यात तिसऱ्या आठवड्यापासून साधारण चौदाव्या आठवड्यापर्यंत एक काळ येतो. त्या काळात पिल्लू जे बघते ते ओल्या सिमेंटवर पाऊल उमटावे तसे त्याच्या मेंदूत उमटते. पुढे सिमेंट वाळते. मेंदूतल्या पेशींभोवती एक बारीक जाळी विणली जाते आणि ती पुरी झाली की पेशींच्या जोडण्या पक्क्या होतात. डॉ. नंदन तुंगारे यांच्या गटाने ही जाळी अर्धीच विणली जाईल अशी लस शोधली. पिलाला ती दिली की त्याचा कोवळा काळ संपतच नाही. असे कुत्रे सहा वर्षांचे झाले तरी एकदा पाहिलेली गोष्ट करून बघते आणि बहुतेक वेळा ती त्याला जमते.

अपंग माणसांच्या घरी अशी साडेचारशे कुत्री दिली गेली. लोकांनी तुंगाऱ्यांना डोक्यावर घेतले. मग हळूहळू दुसरी बाजू दिसू लागली. सिमेंट ओले राहिले म्हणजे पिल्लूपणही ओलेच राहिले. पन्नास किलोचे, ताकदवान, वाटेतले सारे उलथेपालथे करणारे आणि प्रत्येक कडी उघडता येणारे पिल्लू. सहा वर्षांत शर्वरीच्या घरातली एकही उशी दुसऱ्या दिवाळीला पोचली नव्हती. पाय दाबून उघडायची कचरापेटी आणली, तर चिमणीला ती इतकी आवडली की तिने दिवसभर फक्त झाकण उघड-मीट केले. दाराची कडी वर बसवली तर मुकादमने स्टूल ओढत नेले. गोल मूठ बसवली तर दातांत धरून फिरवली. गेल्या दिवाळीला शीतगृहाने प्रत्येकाला बेदाण्याचा डबा दिला होता. द्राक्ष आणि बेदाणा कुत्र्याच्या मूत्रपिंडांना विषासारखे असतात. चिमणीने डबा उघडला, आणि त्यानंतर ती तीन दिवस सलाइनवर होती. त्या दिवसापासून शर्वरीच्या घरात बेदाणा आला नाही, आणि शर्वरीने घर कुत्र्यांपासून राखायचे पक्के मनावर घेतले.

मग दुसऱ्या एका शहरात एका कोवळ्या कुत्र्याने गॅसचे बटण फिरवले आणि फ्लॅट जळाला. माणसे वाचली, पण नियम झाला. कोवळी कुत्री असलेल्या प्रत्येक घराची कसोटी व्हावी. माणसांनी बाहेर थांबायचे, कुत्री आत, तीन तास. त्यांनी बाहेरचे दार उघडले तर ती केंद्रात परत जातील. परत गेलेले कुत्रे पुन्हा घरी आले, असे अजून एकदाही झाले नव्हते.

आणि कुत्री गेली तर श्रीरंगलाही जावे लागणार होते. सांगलीतल्या शुश्रूषागृहातली खाट शर्वरीने एकदा बघून ठेवली होती. एका खोलीत आठजण, भिंतीवर टीव्ही, टीव्हीचा रिमोट आयाच्या खिशात. तिने ते श्रीरंगला सांगितले नव्हते. श्रीरंगला ते ठाऊक होते, हेही तिला ठाऊक होते.

"एक उपाय आहे," आठ महिन्यांपूर्वी तुंगारे फोनवर म्हणाले होते. "कुलपं वाढवत बसू नका, शर्वरीताई. ती बघून शिकतात ना? मग बघू देऊ नका. काहीही उघडताना पाठमोरे व्हा."

एवढेच. पण त्या एका सल्ल्याने घराची चाल बदलली. फ्रीज उघडायचा तर शर्वरी आधी कुत्री कुठे आहेत ते बघे, त्यांच्याकडे पाठ फिरवी, आणि ओढणी दोन्ही हातांवर घेऊन आत बोटे चालवी. पाहुणा आला तर चप्पल काढायच्या आधी त्याला हे समजावून सांगावे लागे. श्रीरंगला वळता येत नसे. तो फोनचा संकेतांक टाकण्याआधी मनगटावर नॅपकिन टाकायला सांगे. सवय अशी जडली की शीतगृहाच्या कँटीनमध्ये शर्वरी डबाही भिंतीकडे तोंड करून उघडू लागली. "खटावकर बाई, डब्यात काय सोनं आणता का?" कोणीतरी विचारले. तेव्हा कुठे तिच्या लक्षात आले.

आणि तरीही आज चक्का गेला होता.

शर्वरीने फडके उचलले, बादलीत टाकले आणि कामावर निघाली. पाळी संपल्यावर ती शीतगृहाच्या तिसऱ्या खोलीच्या दारासमोर उभी राहिली. त्या दाराला आतून एक कडी असते, माणूस चुकून आत अडकला तर बाहेर पडता यावे म्हणून. धक्का लागून उघडू नये अशी ती बनवलेली असते. डाव्या हाताने गोल खुंटी आत दाबून धरायची आणि त्याच वेळी उजव्या हाताने दांडा वर उचलायचा. एक सोडून दुसरे केले तर काही होत नाही.

दोन हात, ती मनाशी म्हणाली. आणि कुत्र्याला तोंड एक.

भंगारातून तसली एक जुनी कडी मिळाली. इक्बाल तांबोळी फॅब्रिकेटरने ती मागच्या दाराला बसवून दिली. काम चालले होते तेवढा वेळ दोन्ही कुत्री न्हाणीघरात बंद होती आणि आतून एकसारखी दार खाजवत होती.

"ताई, हे कुत्र्यासाठी?" इक्बालने विचारले. "मला वाटलं वाघ पाळला असंल."

"वाघ परवडला असता," शर्वरी म्हणाली. "तो निदान कडी तोडतो. ही उघडतात."

पुढच्या दाराला आतून कुलूप घातले आणि किल्ली कपाटात ठेवली. खिडक्यांना जाळ्या होत्याच. घरातून बाहेर जाण्याची वाट आता एकच उरली, मागच्या दाराची. ती वाट शर्वरी आतून ओढणीखाली, पाठमोरी होऊन उघडत असे, आणि बाहेरून किल्लीने.

त्यानंतर घरात शांतता झाली. फ्रीजचा पट्टा जागेवर राहिला. कचरापेटीचे झाकण वाजले नाही. शर्वरी कामावरून आली की दोघे पलंगाशी पडलेले असत, शेपट्या हलवत, गरीब गाईसारखे. दुसऱ्या दिवशी तिला बरे वाटले. तिसऱ्या दिवशी तिने शीतगृहातून येताना पेढे आणले.

"कसले?" श्रीरंगने विचारले.

"जिंकल्याचे."

"कसोटी अजून व्हायची आहे."

"होईल. तू असा गप्प का आहेस दोन दिवस? पाठ दुखतेय?"

"माझी पाठ दुखत असती तर मी तुला पेढे वाटले असते," श्रीरंग म्हणाला. मानेखाली त्याला काही दुखतच नसे, आणि कोणी विचारले की तो नेहमी असलेच काहीतरी बोले. शर्वरीने विषय सोडून दिला.

शनिवारी दुपारी तुंगारे आले. साठीचा, बारीक अंगाचा, हळू बोलणारा माणूस. त्यांनी घरात चार कॅमेरे बसवले, मागच्या दारावर बाहेरून एक पट्टी चिकटवली. दार केसभर जरी उघडले तरी तिचा रंग लाल होणार होता. मग शर्वरीने श्रीरंगची चाकांची खुर्ची मागच्या अंगणात आणली, दार ओढून घेतले, आणि आतल्या कडीचा दांडा खाली पडल्याचा आवाज तिघांनी ऐकला. शेवग्याच्या झाडाखाली टेबल मांडलेले होते. टेबलावर तुंगाऱ्यांचा पडदा. त्यावर घराच्या चार चौकटी.

स्वयंपाकघराच्या खिडकीत चिमणी उभी राहिली. तिने टेबलाकडे पाहिले, पडद्याकडे पाहिले, खुर्च्या मांडून तिच्या घराकडे बघत बसलेल्या तीन माणसांकडे बराच वेळ पाहिले. मग ती आत गेली.

पहिला तास काहीच झाले नाही. शर्वरीने थर्मासमधला चहा ओतला.

"डॉक्टर, ती जे बघतात ते सगळंच शिकतात?"

"सगळं."

"म्हणजे आपण त्यांना दाखवायचं म्हणून करतो तेवढंच नाही?"

"दाखवायचं काय आणि सहज केलेलं काय, हा भेद पिल्लाला कुठे कळतो?" तुंगारे म्हणाले. "लहान मूल आईची भाषा उचलतं, तसा बापाचा खोकलाही उचलतं. माझा नातू चष्मा नसताना नाकावरचा चष्मा वर सरकवतो."

शर्वरी हसली. श्रीरंग हसला नाही.

"आणि समजा," तो म्हणाला, "एखादं कुत्रं काहीतरी शिकलं, पण शिकल्याचं दाखवलं नाही. मग?"

तुंगाऱ्यांनी कप खाली ठेवला.

"तसं आजवर कुठे झालेलं नाही, श्रीरंगराव."

"झालं तर, म्हणतो मी."

"तर आमचं काम त्या दिवशी बंद. बघा, ही कुत्री तुमच्या घरात ठेवता येतात ती कशाच्या जोरावर? त्यांना काय येतं हे आपल्याला नेमकं माहीत असतं म्हणून. बटण दाबता येतं, कडी काढता येते, दिसलं की आपण उपाय करतो. ज्याला काय येतं हे आपल्याला कळतच नाही, असा प्राणी आजारी माणसाच्या उशाशी मी ठेवणार नाही. आणि एकाला जमलं म्हणजे ते सगळ्यांच्या आवाक्यात आलं. एका घरातली नव्हे, साडेचारशेच्या साडेचारशे परत बोलवावी लागतील. त्या क्षणी. त्यातल्या प्रत्येक घरात एक श्रीरंगराव आहेत, हे माहीत असूनही."

बोलणे तिथेच थांबले, कारण पडद्यावर हालचाल झाली होती.

मुकादम आणि चिमणी उठून स्वयंपाकघरात आले. दोघे मागच्या दारापाशी गेले आणि एकमेकांना खेटून उभे राहिले. कॅमेरा त्यांच्या मागे होता. दोन रुंद पाठींनी दाराचा खालचा अर्धा भाग झाकून गेला. कडी दिसेना. शेपट्या स्थिर होत्या. कान दाराकडे टवकारलेले.

तिघांचीही नजर दारावरच्या पट्टीकडे गेली. झाडावर कुठेतरी साळुंकी ओरडत होती. श्रीरंग एकाएकी मोठ्याने खोकला. एकदा, दोनदा.

पट्टी पांढरीच राहिली. थोड्या वेळाने कुत्री वळली, पलंगाशी गेली आणि आडवी झाली. वेळ संपेपर्यंत ती तिथून हलली नाहीत.

"हुंगून बघितलं आणि नाद सोडला," तुंगारे म्हणाले. त्यांनी पट्टी काढली, कॅमेरे काढले, शर्वरीच्या हातात हात दिला. "ही दोन हातांची कडी मी बाकीच्या घरांनाही सुचवतो. अभिनंदन, शर्वरीताई."

गाडी वळणापलीकडे गेली. शर्वरीने श्रीरंगला आत घेतले, पलंगावर ठेवले, डाव्या कुशीला वळवले आणि पाठीशी उशी लावली. मग तिने पेढ्यांचा पुडा त्याच्यासमोर धरला.

"दादा, झालं! तुला कुठेही जावं लागणार नाही. आता तरी पेढा खा."

"शरू, बस जरा."

"काय?"

"मी खोकलो ते मुद्दाम."

शर्वरीला कळले नाही.

"आपण बाहेर आहोत हे त्यांना कळावं म्हणून. नाहीतर त्यांनी दार उघडलं असतं."

श्रीरंगने सांगायला सुरुवात केली. त्याच्या पलंगावरून सरळ रेषेत स्वयंपाकघर दिसे आणि त्यापलीकडे मागचे दार. इक्बालने कडी बसवली त्याच्या दुसऱ्याच दिवशी, शर्वरी कामाला गेल्यावर, दोघे दारापाशी जाऊन असेच खेटून उभे राहिले. पाठमोरे. श्रीरंगला त्यांच्या पाठीपलीकडे काही दिसेना. मग खुंटी दाबल्याचा आवाज, दांडा वर गेल्याचा आवाज, आणि दार उघडले.

"दोन हात लागतात," शर्वरी म्हणाली.

"तोंडं दोन आहेत, शरू."

"पण मी त्यांना दाखवलं नाही! एकदाही नाही. ओढणीखाली—"

"ओढणीखाली हात होते. खांदे नव्हते. डावा खांदा पुढे जातो आणि तिथेच थांबतो, मग उजवा वर येतो. मलासुद्धा इथून कळतं."

शर्वरी खाली बसली. "बाहेर जातात? कुठे?"

"मला काय सांगून जातात? जातात आणि येतात. तुझ्या यायच्या आत येतात. आल्यावर दार लावतात, कडी घालतात, पुन्हा तशीच पाठ करून. मग माझ्याजवळ येऊन झोपतात. मी पाणी म्हटलं की पाणी देतात. कामात कसूर नाही. आठ महिने आपण त्यांना काय दाखवलं, सांग. काहीही उघडायचं असेल तर आधी पाठमोरं व्हायचं. ते त्यांनी उचललं. खोकल्यासारखं."

"आणि तू मला सांगितलं नाहीस."

"शनिवार व्हायचा होता."

"दादा!"

"तू ती खाट बघून आलीस ते मला सांगितलं होतंस?"

मुकादमने डोके उचलून पलंगाच्या कडेवर ठेवले आणि श्रीरंगच्या दोन बोटांखाली हळूच सरकवले. श्रीरंगने त्याचा कान चोळला.

"मला भीती वाटते असं नाही," तो म्हणाला. "पण हे माझे हात आहेत, शरू. रात्री मला पांघरूण घालतात, औषध तोंडात ठेवतात. माझे हात आता माझ्या नजरेआड काय करतात ते मला माहीत नाही."

फोन वाजला तेव्हा सात वाजायला आले होते. शर्वरी स्वयंपाकघरात गेली. चिमणी मागोमाग आली आणि उंबऱ्याशी बसली.

"शर्वरीताई, मी पुढच्या टोल नाक्यावर थांबलोय," तुंगारे म्हणाले. "चहा पिता पिता चित्रण परत बघत होतो. ती दोघं दारापाशी उभी आहेत बघा, तेवढा भाग. हुंगायचं असतं तर नाक खाली गेलं असतं. ही ताठ उभी आहेत. अशी उभी राहिलेली तुम्ही आधी कधी पाहिलीत?"

चिमणी तिच्याकडे बघत होती. शर्वरीने तिच्याकडे पाठ फिरवली. ते सवयीने झाले, आणि झाल्यावर तिला कळले.

"नाही," ती म्हणाली.

"श्रीरंगरावांनी?"

"त्यानेही नाही. पाहिलं असतं तर सांगितलं असतं."

"ठीक आहे. काही वेगळं दिसलं तर मला कळवा. कितीही वाजलेले असोत."

फोन बंद करून ती तशीच उभी राहिली. आपण खोटे बोललो याचे तिला वाईट वाटले नाही. साडेचारशे घरांचा हिशेब तिने केला नव्हता. एकाच घराचा केला होता, आणि तो पुन्हा करावा लागला असता तरी उत्तर तेच आले असते. पण ती दोघे कुठे जातात ते आता कळायलाच हवे होते. चक्का, उशी, कडी यांच्यापेक्षा हे मोठे होते. ते आजच कळायला हवे होते, उजेड होता तोवर.

तिने मागची कडी काढली. या वेळी ओढणी घेतली नाही. लपवण्यासारखे काही उरले नव्हते.

अंगणात शेवग्याच्या पलीकडे कुंपणाशी मातीचा ओला पट्टा होता. तिथे पंजे उमटलेले होते, मोठे, जाणारे आणि येणारे. ते कुंपणाच्या फटीतून उसाकडे गेले होते. शर्वरी वाकली. दोन जोड्या तिच्या ओळखीच्या होत्या. मुकादमचा उजवा पुढचा पंजा जरा फेंगडा पडतो. पण फटीच्या पलीकडे, उसाच्या कडेला, आणखी पंजे होते. लहान, मोठे, निरनिराळे. रस्त्यावरच्या कुत्र्यांचे. ते गोल करून बसले असावेत असे उमटलेले होते, आणि मधोमध माती साफ केल्यासारखी सपाट होती. त्या सपाट जागेत तिच्या फ्रीजचा जुना पट्टा पडला होता. जो तिने नवा बसवताना काढून कचऱ्यात टाकला होता. तो उघडलेला होता.

मागे आवाज झाला. आधी दार लागल्याचा. मग खुंटी. मग दांडा खाली पडल्याचा.

शर्वरी धावत दारापाशी आली आणि ढकलून पाहिले. बाहेरून ती कडी किल्लीशिवाय उघडत नाही, आणि किल्ली आत राहिली होती.

"दादा!"

"शरू? दार वाऱ्याने लागलं?"

"कडी वाऱ्याने लागत नाही. त्यांना हाक मार. उघडायला सांग."

आतून श्रीरंगचा आवाज आला. मुकादम, दार. चिमणी, दार. तोच हुकूम, ज्यावर दोघे एरवी पहिल्या शब्दाला उठत. मग काही नाही.

"काय करतायत?"

"घाबरू नकोस," श्रीरंग म्हणाला. त्याचा आवाज शांत होता. खांबावर चढण्याआधी तो साहाय्यकाशी बोलायचा तसा. "खेळ असेल. दुपारी आपण केलं ना, तेच. आपण त्यांना आत ठेवलं, आणि बघत बसलो."

"ती कुठे आहेत?"

"चिमणी तुझ्याकडे गेलीय. खिडकीपाशी. मुकादम इथे आहे. माझ्या औषधाच्या टेबलाशी."

"काय करतोय?"

शर्वरीने कान दाराला लावला.

"दिसत नाही गं. पाठमोरा आहे."

सव्वासातला परिस्थिती अशी होती. मागच्या दाराची कडी आतून लागलेली होती. पुढच्या दाराला आतून कुलूप होते आणि किल्ली कपाटात. श्रीरंगची कूस आठ वाजता बदलायची होती. शर्वरीच्या हातात फोन होता, त्यावर डॉ. तुंगाऱ्यांचा नंबर होता, आणि तो तिने अजून लावला नव्हता. उसाच्या बाजूने एक कुत्रे भुंकले आणि थांबले. खिडकीच्या काचेआड चिमणी बसली होती. तिने शर्वरीकडे पाहिले, फोनकडे पाहिले, आणि बराच वेळ पाहत राहिली.

मग चिमणी पाठमोरी झाली.